दुपारचं पाणी

माझ्या पोटात खरं दुखायला लागलं ते एका भाऊबीजेला. त्याआधी मी कुणावर जळलेच नाही असं नाही, पण ते आपलं किरकोळ. कुणाची पाटली, कुणाच्या सुनेचा स्वभाव. त्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या जावेला तिच्या भावानं पाणी मोजायचं मीटर आणलं. पुण्याहून, खोक्यात, स्पंजात बसवलेलं. औषधाच्या बाटलीएवढं यंत्र, त्याला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला बोटभर जाडीची कांडी. कांडी पाण्यात सोडली की त्यात ऑक्सिजन किती, त्याचा आकडा काचेवर येतो. माझ्या भावानं मला साडी आणली होती, चांगली जरीकाठी. मला त्या साडीचा राग आला.

आम्ही मोहोळपासून आत, वस्तीवर राहतो. दोन भाऊ, दोन घरं, अंगण एक. वाटणी झाली तेव्हा रान वाटलं आणि डाळिंबासाठी खोदलेल्या दोन शेततळ्यांतलं एकेक एकेकाच्या वाट्याला आलं. मधे फक्त बांध. पुढं डाळिंब तेल्या रोगानं गेलं आणि तळी राहिली. काळं प्लास्टिक अंथरलेली तळी नुसतीच ऊन खात पडली होती, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मासे सोडा. सोलापूरला चार दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात मालकांचं नाव होतं. ऐनवेळी त्यांच्या पाठीत उसण भरली आणि जागा फुकट जायला नको म्हणून मी गेले. तीस बाप्यांत मी एकटी बाई. मी जन्मात मासा खाल्लेला नाही, अजूनही खात नाही. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून बसले होते. चौथ्या दिवशी एसटीत बसले तेव्हा मांडीवर पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्यांची एक पेटी होती आणि डोक्यात पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्या प्रशिक्षणातली मला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. दिवसा उन्हात पाण्यातलं हिरवं शेवाळ तो तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो संपवतात. म्हणून पहाटे, दिवस उगवायच्या आधी, पाणी सगळ्यात रिकामं असतं. तळ्याची खरी तब्येत तेव्हाच कळते. दुपारी मोजणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला भूक लागली का विचारणं. हे वाक्य प्रशिक्षणातल्या साहेबांचं नाही, माझं आहे. मी ते पुढं कितीतरी जणींना सांगितलं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

तिथंच उजनीच्या पाण्यावर हयात काढलेला एक म्हातारा मासेमार आला होता. त्यानं साहेबांच्या बाटल्यांकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि आम्हाला तळ्यावर नेऊन हात पाण्यात घालायला लावला. कोपर बुडेपर्यंत हात सरळ खाली सोडायचा. तळवा हळूहळू दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. कोपर बुडूनही बोटं मोजता आली तर पाणी उपाशी, त्यात माशाला खायला काही नाही. आणि मनगटाशीच हात गडप झाला तर पाणी अति जाड, जपून राहा. बाप्यांना मनगटाचा अंदाज येईना. माझ्या हातात बांगड्या होत्या. बांगड्या कुठं दिसेनाशा होतात ते बघायचं, संपलं. म्हातारा म्हणाला, ह्या बाईच्या हाताला पाणी कळतंय. तीस माणसांत म्हणाला.

मग काय, आमच्या तळ्यात कटला-रोहूची बोटुकली सोडली, बोटाएवढी पिल्लं ती, आणि वर्षाच्या आत त्यांची ताटाएवढी धुडं झाली. आजूबाजूच्या वस्त्यांवरची तळी एकेक करून माशांची झाली. कुणाच्या पाण्याला वास आला, कुणाचे मासे खाईनात, की मोटरसायकल आमच्या अंगणात उभी. आक्का, जरा हात घालून बघा की. मी मागं बसून जायची, बांगड्या सारून हात घालायची, थेंब टाकून बाटलीचा रंग बघायची आणि सांगायची: खाद्य थांबवा, चुना टाका, थोडं पाणी बदला. निघताना घरची बाई माझी ओटी भरायची. मासा न खाणाऱ्या बाईची माशांपायी ओटी. मालक हसायचे, पण हसताना त्यांनाही बरं वाटायचं. मला तर त्याची चटकच लागली होती. दहावी झालेल्या, कधी कुणी काही न विचारलेल्या बाईला लोक काहीतरी विचारत होते.

आता जावेबद्दल सांगते. बार्शीच्या कॉलेजातली बी.एस्सी., रसायन घेऊन. लग्न होऊन आली तेव्हा पुस्तकांची एक ट्रंक बरोबर होती. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला आक्का म्हणते, तुम्ही-तुम्ही करते, माझं दुखलंखुपलं तर तिच्या घरची भाकरी आधी माझ्या ताटात येते. ती चांगली आहे हीच माझी अडचण होती. वाईट असती तर माझ्या जळण्याला काही आधार तरी मिळाला असता.

मीटर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन माझ्या ओट्यावर आली. मी ज्वारी निवडत होते. तिच्या तळ्यात नुकतीच बोटुकली सोडली होती. खोक्यातलं छापील पुस्तक तिच्या काखेत होतं. तिनं कांडी पाण्याच्या तांब्यात घालून मला आकडा दाखवला, तोही अपूर्णांकासकट. माझ्या बाटलीचा रंग बघून मी चार का पाच हे ठरवायला डोळे बारीक करते आणि हिच्याकडं चार पूर्णांक सात. मी म्हटलं, छान आहे. मग तिनं विचारलं, "आक्का, रोज कधी मोजू?"

मी ज्वारीतला खडा बाजूला टाकला आणि म्हणाले, "दुपारी मोज. पोरं शाळंला गेली, जेवणं उरकली, की निवांत मोजायचं. ऊन डोक्यावर आलं की पाणी स्थिर असतंय."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी कट वगैरे केला नव्हता. तोंडातून निघालं. निघताना मला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि मी ते परत बोलावलं नाही, एवढंच. मला वाटलं होतं, शिकलेली आहे, चार दिवसांत तिचं तिलाच कळेल. तोवर जरा चुकू दे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिचा आकडा रोज नऊ, कधी साडेनऊ, एकदा दहा. येणारच, दुपारी दोनला कुणाच्याही तळ्यात येतो. ती त्या काचेचा फोटो काढून मासेवाल्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकायची. खाली लोकांचे अंगठे, नमस्कार, फुलं. मी पहाटे, ती झोपेत असतानाच उठून, गारठ्यात बांधावर बसून, थेंब मोजून चार लिहायची. खरे चार. तालुक्याचे मत्स्य विभागाचे साहेब एकदा मेळाव्याला आले. त्यांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि सांगितलं, पाणी ठेवावं तर असं, रोज नऊच्या खाली नाही. मोजता कधी, हे त्यांनी विचारलं नाही. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते नऊ माझे होते, मीच तिला दिले होते, आणि आता ते खोटे आहेत म्हणून उठून सांगायचं तर आधी माझंच तोंड काळं व्हायचं.

घरी आल्यावर मालकांनी चहा पिता पिता विचारलं, "आपलं पाणी बिघडलंय का गं?" त्यांच्या मनात काही नव्हतं. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

एकदा तर मीही दुपारी गेले. कुणी बघत नाही असं बघून पेटी घेऊन बांधावर बसले आणि थेंब टाकले. बाटलीचा रंग असा देखणा आला की बघतच राहिले. वहीत दहा लिहिलं. मग ते दहा माझ्याकडं बघायला लागले. मी ते पान फाडून चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे चार लिहिले.

हळूहळू मोटरसायकली तिच्या दाराशी थांबायला लागल्या. अंगण एकच, म्हणजे मला बघावंच लागायचं. मी भांडी घासत असले तर माणूस मला रामराम घालून पुढं जायचा. लोकांची तळी बघून आली की तिच्या ओटीतला खण ती माझ्याकडं आणायची, म्हणायची, आक्का, हा रंग तुम्हाला शोभेल. मी तो घ्यायची. शिवून कधी घातला नाही. कपड्यांच्या पेटीत तिच्या खणांची चळत झाली होती, आणि ती उघडली की पुन्हा सगळं नव्यानं झोंबायचं.

नऊ आकडा रोज बघून तिला धीर आला. तिनं तळ्यात आणखी बोटुकली सोडली, मी सोडली होती त्याच्या दुप्पट. खाद्य वाढवलं. मासे भराभर वाढत होते, दीर खूश होते. सोलापूरचा व्यापारी येऊन बघून गेला, गौरी-गणपती झाले की जाळं टाकू म्हणाला. सगळं त्या मासळीवर ठरलं होतं. दिरांच्या थोरल्या पोरीचं लातूरला शिकायला जाणंही त्यावरच होतं. ती पोर मला मोठी आई म्हणते. तिनं पिशवीसुद्धा भरायला घेतली होती.

गौरीच्या आधी आभाळ आलं. पाऊस फारसा नाही, नुसतं दाटलेलं, दिवसभर दिवेलागणीसारखा उजेड. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस ऊन नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळ ऑक्सिजन करत नाही, पण खायचं मात्र थांबत नाही. मी माझ्या तळ्याचं खाद्य पहिल्याच दिवशी बंद केलं. पहाटे माझे तीन आले. मी ताज्या पाण्याची मोटर लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊ बाजाराला मोहोळला गेली होती. मी बांधावर होते. तिचं पाणी इकडूनही काळपट हिरवं दिसत होतं. मी बांध ओलांडला, उतारावर बसले, काठाला बांधलेला दोर एका हातानं धरला आणि दुसरा हात तिच्या पाण्यात घातला. मनगट बुडलं न बुडलं तोच बांगड्या दिसेनाशा झाल्या. पाणी बोटांना तेलकट लागलं. मी हात काढून पदराला पुसला. मला कळलं होतं. एवढ्या दाट पाण्यात, एवढ्या माशांत, आजचाही दिवस उन्हाविना गेला की पहाटे काय होणार हे मला माझ्या घराच्या उंबऱ्याइतकं स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळी सांगायचं ठरवून मी घरी आले.

संध्याकाळी आम्ही दोघी गौरीच्या करंज्या करायला बसलो. सारण मी भरत होते, कातण्यानं कडा ती कापत होती. मी म्हणाले, आभाळ काय उघडत नाही. ती म्हणाली, हो ना, आज दुपारी आल्या आल्या मोजलं, साडेपाच होते, ऊन नाही म्हणून जरा उतरलेत. साडेपाचाची तिला काळजी नव्हती. पुस्तकात पाचाच्या वर सुरक्षित लिहिलं होतं, आणि तिचे साडेपाच दुपारचे होते. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणीतरी पापरीकडचा माणूस होता, ह्या आभाळात पाण्याचं काय करू विचारत होता. तिनं पिठाचे हात वर धरले, फोन कानाशी खांद्यानं दाबला आणि त्याला सांगायला लागली. खाद्य निम्मं करा, दुपारी मोजत जा. दहा मिनिटं बोलली. मध्येच माझ्याकडं बघून हसली, थांबा हं, अशा अर्थानं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इथं मी पुढ्यात बसलेय, ज्या हाताला पाणी कळतं तो हात सारणात आहे, आणि तो माणूस विचारतोय हिला. मी मनात म्हटलं, सांग की मग, तुलाच सगळं येतंय. फोन ठेवून ती म्हणाली, काय म्हणत होता आक्का. मी म्हणाले, काही नाही, तूप जरा कमी पडलंय.

पहाटे मी नेहमीसारखी पेटी घेऊन निघाले. झुंजूमुंजू व्हायला लागलं होतं. बांधावर पोचायच्या आधीच आवाज आला, ओल्या चिखलातून शेकडो पाय काढल्यासारखा. तिच्या तळ्यावर तोंडंच तोंडं होती. काठापासून मध्यापर्यंत मासे उभे राहिल्यासारखे वर आले होते आणि तोंडं उघडून हवा ओढत होते. मोठे कटले आडवे व्हायला लागले होते. मोठा मासा आधी जातो, त्याला जास्त लागतं.

मी बोंब ठोकली. दोन्ही घरं धावत आली. थ्री फेजची लाईट त्या आठवड्यात आठला यायची होती, म्हणजे मोटर नाही. दीर ट्रॅक्टरचा फवारणीचा पंप आणायला पळाले, मी त्यांना अडवलं, त्याच्या टाकीत औषधाचा अंश असतो, उरलेलेही मरतील. मग हातानंच. मी दोर कमरेला बांधून उतरले. प्लास्टिकचा उतार शेवाळानं निसरडा, दोराशिवाय माणूस वर येत नाही. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून घमेल्यानं पाणी उचलायचं आणि उंचावरून आपटायचं, परत उचलायचं. पाणी फुटलं की त्यात हवा मिसळते. समोरच्या बाजूनं जाऊ उतरली होती, परात घेऊन. मालक आणि दीर काठावरून बादल्या मारत होते. मासे माझ्या पायांना, पोटाला लागत होते. जावेचं तोंड पांढरं पडलं होतं. ती मला एकसारखं विचारत होती, "आक्का, आता काय करू? आक्का, हितं मारू का तितं?" आणि मी सांगत होते, आणि ती तसंच करत होती.

शेजारच्या वस्तीवरून डिझेल इंजिन आलं. माझ्या तळ्यातलं पाणी उचलून तिच्या तळ्यात उंचावरून सोडलं. नऊच्या सुमारास आभाळ पातळ झालं, जरासं ऊन पडलं आणि तोंडं एकेक करून खाली गेली. जगले ते बरेच जगले. पण मोठे कटले सगळे गेले. काठावर त्यांचा ढीग लागला, आणि पोरीचं लातूर त्या वर्षी राहिलं. तिनं भरलेली पिशवी रिकामी करताना मी बघितली.

त्याच दुपारी जावेनं ग्रुपवर लिहिलं, आक्का होत्या म्हणून एवढे तरी वाचले. झालं, फोन सुरू. साहेबही येऊन गेले. लोक म्हणाले, मीटर काय करतंय, हात तो हात. पुन्हा मोटरसायकली माझ्या दारात उभ्या राहिल्या. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू. एक आख्खा दिवस मला ते गोड लागलं. बरोबर तेच मिळालं होतं जे हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गौरी यायची होती. आमच्याकडं गौर मी आणते आणि दारापासून देवघरापर्यंत तिची पावलं जाऊ काढते, रांगोळीनं, वर हळदीकुंकू. ती उंबऱ्यापाशी पावलं काढत बसली होती. मीटरचं पुस्तक ओट्यावर उघडं पडलं होतं. मी विचारलं, काय वाचत होतीस. तिनं वर बघितलं नाही.

"त्यात पहाटं मोजा म्हणून लिवलंय," ती म्हणाली. "पैल्याच दिवशी वाचलेलं. मग तुमी दुपारी म्हणाला. मला वाटलं, पुस्तक कुटल्या लांबच्या तळ्यावर लिवलं असंल. आपल्या पाण्याचं आक्कांनाच ठाव. म्हणून तुमचं खरं धरलं."

इतके महिने मी समजत होते की ही शिकलेली बाई मला अडाणी समजते. आणि तिनं माझ्यासाठी छापलेलं पुस्तक बाजूला ठेवलं होतं. ती तेव्हाही काही तोडून बोलली नाही. उलट स्वतःलाच दोष देत होती, आपलंच काहीतरी मोजायला चुकलं म्हणत होती. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"पुस्तक बरोबर हाय," मी म्हणाले. "मला तवा बी ठाव होतं. जळत होते तुझ्यावर."

तिच्या चिमटीतली रांगोळी थांबली. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. ओरडली असती तर मी पायाशी बसले असते. तिनं फक्त एक विचारलं. "करंज्या करत होतो त्या सांजंला? तवा बी ठाव होतं?"

मी तिच्या पुढ्यातली कुंकवाची वाटी उगाच सरळ केली. तिनं तेवढ्यावरून ओळखलं. मग तिनं उरलेली पावलं काढली, देवघरापर्यंत, एकही चुकवलं नाही. मी गौर घेऊन त्यांवरून आत आले.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. दिरांनाही नाही, हे मला त्यांच्या वागण्यावरून कळतं. अजून आक्का म्हणते. सणाला एकत्र जेवतो, माझ्या गुडघ्याला तेल चोळून देते. मोटरसायकली माझ्याकडं येतात, माझी ओटी भरतात, आणि मी जाते. पण ती मला पाण्याचं काही विचारत नाही. रोज पहाटे तिच्या बांधावर ती मीटर घेऊन असते, माझ्या बांधावर मी पेटी घेऊन. तिचाही आकडा आता चार येत असणार, मला सांगत नाही. लिहिते आणि जाते. मी मुद्दाम जरा उशिरा उठते की तिला वाटावं, आक्का आज नाहीत, आणि काही अडलं तर हाक मारेल. अजून मारलेली नाही.

परवा मी अंगणात शेंगा फोडत होते. तिच्या ओट्यावर फोन वाजला, तिनं तो स्पीकरवर टाकला. लांबच्या कुठल्याशा गावची एक बाई होती, नवं तळं केलेली, आवाज घाबरलेला. पाणी कधी मोजू, विचारत होती. जावेनं माझ्याकडं बघितलं. स्वतःचा आवाज खाली केला नाही, वरही केला नाही.

"पहाटंच मोजा, ताई," ती म्हणाली. "कुणी काय बी सांगू द्या. घरातलं असलं तरी."

मग ती त्या बाईला बाकीचं समजावत बसली, खाद्य किती, चुना कधी, एकेक गोष्ट सावकाश, तिला कळेपर्यंत. अडेल तेव्हा फोन करा म्हणाली. मी शेंगा फोडत ऐकत होते, आणि मला त्या फोनवरच्या बाईचा हेवा वाटत होता.